आदल्या शनिवारचं पाणी

नोव्हेंबर सरत आला की आमच्या चर्चमध्ये व्यासपीठावरचं हिरवं कापड काढून जांभळं घालतात. आगमनाचा काळ लागला, प्रभू राजा होऊन पुन्हा यायचा आहे, तयार राहा, एवढंच ते कापड सांगतं. बाहेर कल्याणच्या बाजारात दिवाळीतले उरलेले कंदील स्वस्तात लावलेले असतात, त्यातला एखादा चांदणीच्या आकाराचा बघून आमची माणसं घरी घेऊन जातात. पहाटे उल्हास नदीवरून धुकं येतं, त्यात कुणीतरी पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर मिसळतो. स्वेटर कपाटातून निघतात आणि त्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. लहानपणी वर्षातला हा महिना मला सगळ्यात लाडका होता. आता जांभळा रंग दिसला की मी नजर दुसरीकडे वळवते.

माझे बाबा कल्याणजवळ आंबिवलीला एका कारखान्यात फिटर होते. तिथूनच निवृत्त झाले आणि कारखान्यामागच्या चाळीतच राहिले. राजा येणार यावर त्यांचा इतका विश्वास होता की त्यांनी आयुष्यात कधी दाढी वाढू दिली नाही. सकाळी सहाला आरसा खिडकीला टेकवून दाढी करायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि मगच चहा. सुट्टीच्या दिवशीही तेच. आई म्हणायची, "अहो, आज कुठे जायचंय?" बाबा म्हणायचे, "मी नाही जाणार, तोच येणार आहे. आणि मी काय बनियनवर दार उघडू?" पंख्याच्या दुकानात दुकानदार दहा वर्षांची गॅरंटी सांगू लागला की बाबा हसायचे. "दहा वर्षं? तोवर इथेच बसायचंय का आपण?" आणि याच माणसाने चाळीच्या मागे शेवग्याचं रोप लावलं, त्याला रोज पाणी घातलं, शेंगा लागल्या तेव्हा सगळ्या चाळीला वाटल्या. यात काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. येणारा येईल तेव्हा आपण कामात असलो पाहिजे, असं ते म्हणायचे.

बाबांचं आणि काकांचं लहानपण श्रीरामपूरकडच्या एका गावात गेलं. तिथल्या चर्चच्या मंडळीत एक जुनी चाल होती आणि ती दोघांनी शहरात आणली. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, पुढे मेजाजवळ जाऊन प्रभूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा. ज्याच्या मनात कुणाविषयी अढी आहे त्याने त्या मेजाजवळ जायचं नाही, आधी समेट करायचा, हे तर शास्त्रच सांगतं. पण आमच्या गावाने त्याला दिवस आणि रीत नेमून दिली होती. आदल्या शनिवारी ज्याच्याशी बिनसलंय त्याच्या घरी जायचं, त्याच्या हातचं पाणी प्यायचं आणि माफी मागून यायचं. पाणी पोटात गेलं की भांडण मिटलं. पाणी तसंच राहिलं तर रविवारी बाकावरच बसून राहायचं, भाकर आणि प्याला दुसऱ्यांना जाताना बघायचा. गावात म्हणे शनिवारच्या संध्याकाळी बायका मुद्दाम हंडे भरून ठेवायच्या, न जाणो कोण येईल. मला लहानपणी ही चाल फार गोड वाटायची. कुणाचंही पाणी पिऊन यायचं, त्यात काय अवघड आहे?

अवघड काय आहे ते आजी गेली तेव्हा कळलं.

आजी आमच्याकडे कल्याणला असायची. आजोबांना गावी, चर्चमागच्या स्मशानभूमीत पुरलेलं होतं आणि आजीचं एकच मागणं होतं, मला त्यांच्या शेजारी ठेवा. ती पावसाळ्यात गेली. बातमी कळताच बाबांचा धाकटा भाऊ, माझे शमुवेलकाका, ठाण्याहून थेट पुढे गावाला निघून गेले, म्हणजे खड्डा तयार करता येईल. काका ठाण्यातच खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. जे सांगितलं ते वेळेत आणि नेमकं करणारा माणूस. सकाळी आम्ही आजीची शवपेटी घेऊन निघायचं असं ठरलं होतं. रात्रीत माळशेजला दरड कोसळली आणि घाट बंद झाला. कसाऱ्याच्या वाटेवर खडवलीकडेही पाणी चढल्याचं ऐकू येत होतं. गाडीवाला म्हणाला, मी येत नाही. काकांचा फोन लागेना, गावात वीज नव्हती. बाबा दुपारपर्यंत थांबले आणि मग त्यांनी आजीला कल्याणातच पुरलं.

काका तिकडे उघड्या खड्ड्याजवळ उभे होते. संध्याकाळ झाली, खड्ड्यात पाणी साचलं, ते त्यांनी घमेल्याने उपसलं, पुन्हा साचलं. दुसऱ्या दिवशी निरोप पोचला. मग त्यांनी आपल्या हाताने तो रिकामा खड्डा बुजवला.

काका परत आले तेव्हा बोलणं झालं ते मी ऐकलं. "घाट बंद होता," बाबा म्हणाले. "मान्य," काका म्हणाले. "कसाऱ्यावरून यायचं. सिन्नरवरून यायचं. दोन दिवस थांबायचं. बर्फ मिळत नव्हता का कल्याणात?" मग एकदम त्यांचा आवाज फुटला. "दादा, शेवटचा कर्णा वाजून मेलेले उठतील त्या दिवशी आपला बाप तिकडे उठून उभा राहील आणि शेजारी बघेल. आई नसेल तिथे. ती इथे, या अनोळखी गर्दीत उठेल. तिला इथलं कोण ओळखतं?" तेव्हा मला हसू आलं होतं आणि मी ते दाबलं होतं. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल. पण जे खरोखर वाट बघतात त्यांना उठण्याची जागा ही जन्माच्या जागेइतकीच खरी असते. काका त्या जागेवर दिवसभर उभे राहिले होते.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी बाबा रीतीप्रमाणे खोपटला काकांच्या घरी गेले. मी सोबत होते. काकूने पेला आणून काकांच्या हातात दिला, काकांनी तो बाबांपुढे धरला. बाबा म्हणाले, "शमुवेल, तू मला नको ते बोललास. मी तुला माफ केलं." काकांचा हात तसाच राहिला. "तू मला? अरे, मी तुला माफ करायला बसलोय इथे सकाळपासून." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघेही माफ करायला आले होते, माफी मागायला कुणीच आलेलं नव्हतं. पेला टेबलावर ठेवला गेला. आम्ही उठलो, काकूने पिशवीत दोन लिंबं घातली आणि आम्ही परत आलो.

त्यानंतर बाबा इकडे कल्याणच्या चर्चमध्ये आणि काका तिकडे ठाण्याच्या चर्चमध्ये, दोघेही पहिल्या रविवारी बाकावर बसून राहू लागले. माणसं उठून पुढे जायची, गुडघे टेकायची, तोंड पुसत परत यायची. बाबा कडेला सरकून त्यांना वाट द्यायचे. दर महिन्याला. वर्षामागून वर्षं. आई चिडायची. "तुझ्या बापाला देवाचं राज्य आल्या आल्या आधी भावाशी भांडायचंय, मग बाकीचं," असं मला म्हणायची. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं, की चाल मोठी नाही, प्रेम मोठं. बाबा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "साहेब, तुम्ही सांगता ते खरं. पण खोट्या मनाने मी तिथे हात पुढे करणार नाही." यातलं एकही अक्षर चूक नव्हतं. तिकडे काकाही हेच म्हणत होते हे आम्हाला काकूकडून कळायचं. दोघांइतका आज्ञाधारक माणूस त्यांच्या मंडळीत दुसरा नव्हता, आणि ते दोघेच तेवढे उपाशी होते.

मी ज्या मोसमाबद्दल लिहायला बसले तो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला. दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी बाबा आरशासमोर दाढी करताना खाली बसले ते पुन्हा आपणहून उठले नाहीत. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यात काही दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. मी डोंबिवलीहून चाळीत राहायला आले. त्या दिवसांतलं जे आठवतं ते असं तुकड्यातुकड्यांत: निलगिरीच्या तेलाचा वास, गादीखाली घातलेलं खडबडीत मेणकापड, शेजारच्या सावंतकाकूंच्या कुकरच्या शिट्ट्या, बाहेर चाळीतल्या मुलांचं क्रिकेट आणि बॉल भिंतीवर आपटला की "अरे हळू ना, आजोबा आजारी आहेत" असं एकमेकांना दटावणं. सकाळी सहाला बाबा डाव्या हाताने आपली हनुवटी चाचपायचे. मी साबण लावून त्यांची दाढी करायचे. इतक्या जवळून मी त्यांचा चेहरा त्याआधी कधी पाहिला नव्हता. कानाजवळ एक जुना व्रण होता, तो कशाचा ते मी कधी विचारलंच नाही, आणि आता विचारून उपयोग नव्हता.

आगमनाच्या पहिल्या रविवारी त्या वर्षी प्रभुभोजनही होतं. त्याच्या आधीच्या सोमवारी पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, रविवारी उपासना झाली की मी भाकर आणि प्याला इथे घेऊन येतो. बाबांनी ऐकलं. डोकं उशीवर डावीकडून उजवीकडे फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग डावा हात उचलून दाराकडे केला. पाळकसाहेबांना वाटलं, जा म्हणताहेत. आईला बरोबर कळलं. ती माठाजवळ गेली, पेला भरून आणला आणि बाबांना दाखवला. "भाऊजींना बोलवू?" बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी पापण्या मिटल्या आणि उघडल्या.

मी लगेच फोन लावला. काका शांतपणे ऐकत होते. बाबांना बोलता येत नाही म्हटल्यावर त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "त्याने स्वतः बोलावलं?"

"हो काका. हाताने दाराकडे दाखवलं."

"बरं. रविवारी प्रभुभोजन आहे ना? मग मी शनिवारी येतो."

"काका, आज सोमवार आहे."

"माहितेय गं. पण रीत शनिवारची आहे. इतकी वर्षं थांबलो, आता रीतीनेच होऊ दे. दादालाही तेच आवडेल. शनिवारी दुपारी येतो, पाणी देतो घेतो, रविवारी एकत्र घेऊ." त्यांचा आवाज हलका झाला होता. ते आनंदात होते. मी आजच या म्हणून भांडायला हवं होतं की नाही, मला माहीत नाही. त्या क्षणी मलाही ते बरोबरच वाटलं. मी बाबांना सांगितलं, शनिवारी येतायत. बाबांच्या चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती हलली.

मंगळवारी बाबांनी आईकडून इस्त्रीचा शर्ट काढून घेतला. बुधवारी माठ धुवून घेतला, म्हणजे खूण करून करून आईकडून करवला. ती कुरकुरत म्हणाली, "पोपच येतोय जसा." पलंग त्यांना दाराकडे तोंड करून हवा होता, तो मी आणि सावंतकाकूंच्या मुलाने फिरवला. दारावर सावली पडली की बाबा मान वळवायचे. पेपरवाला, कचरेवाली, गॅसवाला. जन्मभर ते ज्याची वाट बघत होते त्याच्यासाठी त्यांनी कधी पलंग फिरवला नव्हता.

गुरुवारी दुपारी, चाळीत जेवणखाण आटोपून सामसूम झाली होती तेव्हा, बाबा गेले. डोळे दाराकडे होते. ते मीच मिटले.

काका शुक्रवारी मातीला आले. खोपटहून आलेल्या गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, शनिवारसाठी काढून ठेवलेलाच असणार. आजीच्या कबरीजवळच बाबांची जागा मिळाली होती. पेटी खाली उतरल्यावर काकांनी खणणाऱ्या माणसाच्या हातातलं फावडं घेतलं आणि एकट्याने माती ओढायला सुरुवात केली. धाप लागली तरी थांबेनात. लोकांनी धरून बाजूला केलं. घरी आल्यावर त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, दादा शेवटी काही म्हणाला?" आई म्हणाली, "त्यांना बोलता येत नव्हतं, भाऊजी." मी पाणी आणलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "आता कुणाचं पिऊ?" असं म्हणाले आणि चप्पल घालून निघाले.

उरलेला डिसेंबर कसा गेला ते नीट आठवत नाही. त्या वर्षी आमच्याकडे नाताळचा तारा लागला नाही, तळणीचं काही झालं नाही. सावंतकाकूंनी करंज्या करून डबा आणला. "तुमच्याकडे यंदा नसणार, म्हणून," एवढं म्हणून ठेवून गेल्या. मंडळीची गाणारी मुलं गिटार आणि ढोलक घेऊन चाळीत शिरली, आमच्या दारापाशी आल्यावर वाद्यं खाली ठेवली, हळू आवाजात एक प्रार्थना केली आणि पुढे गेली. पुढच्या घरापाशी पुन्हा ढोलक सुरू झालं. रविवारी पाळकसाहेब सांगत होते, जागे राहा, दिव्यात तेल ठेवा, धनी कोणत्या घटकेला येईल ते ठाऊक नाही. मी बाकावर बसून विचार करत होते की दोन माणसं आयुष्यभर जागी राहिली, तेल ठेवलं, दाढ्या केल्या, आणि ठाण्याहून कल्याणला यायला त्यांना शनिवार लागला. मला तेव्हा काकांचा राग आला. तो असा काही आला की जायचं नाव घेईना.

त्या रागाकडे मी पुष्कळ वेळा वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं आहे. काकांनी काही वाईट केलं नाही. आज्ञा पाळली, रीत पाळली, वेळ पाळली. पण पाळणं इतकं सवयीचं होतं की ज्याच्यासाठी पाळायचं तो पलंगावर पडलाय हे त्यांना दिसलं नाही. आम्ही राज्य येऊ दे म्हणून रोज मागतो. कधी कधी मला वाटतं, ते येऊन दारात उभं असतं आणि आम्ही म्हणतो, शनिवारी ये. असं वाटलं की फार उदास व्हायला होतं. देव आहे की नाही याची मला शंका नाही. आम्ही त्याच्या कामाचे आहोत का, याची आहे.

काका तेव्हापासून प्रभुभोजन घेत नाहीत ते नाहीतच. ज्याचं पाणी प्यायचं तोच राहिला नाही, तेव्हा रीतीप्रमाणे त्यांची वाट कायमची बंद झाली. काकूही आता नाही. वर्षातून एकदा, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, काका ठाण्याहून कल्याणला येतात आणि बाबांच्या जागेवर, मागून दुसऱ्या बाकावर, कडेला बसतात. आई होती तोवर ती त्यांच्या शेजारी बसायची. आता मी बसते. दरवर्षी मी तो राग मनात ठेवूनच उठून पुढे जाते आणि काका सरकून मला वाट देतात, अगदी बाबा द्यायचे तसे.

या वर्षी मी उठले नाही.

रांग पुढे सरकत होती. समोरच्या बाकावरची माणसं गुडघे टेकून परत येत होती. काकांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, मग वाकून हळूच म्हणाले, "एस्तू, जा ना. संपत आलं."

"मला जाता येत नाही, काका. माझ्या मनात राग आहे."

"कुणाचा?"

"तुमचा."

त्यांनी चष्मा काढला. कशाचा, हे विचारलं नाही. बराच वेळ काच शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मग समोर बघतच म्हणाले, "सोमवारीच निघायला हवं होतं. फोन ठेवला आणि बसमध्ये बसलो असतो तर संध्याकाळी पोचलो असतो. रोज मनातल्या मनात पोचतो मी." त्यांनी चष्मा परत घातला. "चुकलं माझं. मला माफ कर, पोरी."

दोन भावांपैकी एकानेही जे दुसऱ्याला कधी म्हटलं नाही ते काका मला म्हणाले. मी याचीच वाट पाहत होते. मनात सगळं ठरवलंही होतं: ते माफ कर म्हणतील, मी 'केलं' म्हणेन, त्यांचा हात धरेन आणि आम्ही दोघं पुढे जाऊ. बाबांच्या वतीने एवढं तरी माझ्या हातून होईल. मी तोंड उघडलं. मला पलंग दिसला, दाराकडे फिरवलेला, आणि प्रत्येक सावलीला वळणारी ती मान दिसली. एक शब्द होता. दोन अक्षरांचा. तो येईना. मी प्रयत्न केला, खरंच केला.

पाळकसाहेबांनी आमच्या बाकाकडे पाहिलं. थोडं थांबले. मग भाकरीच्या ताटावर पांढरं कापड घातलं.

काकांनी माझ्या हातावर हात ठेवला. "असू दे," ते म्हणाले. "घाई करू नकोस."

ते बाबांच्या वयाच्या केव्हाच पुढे गेले आहेत. उपासना संपल्यावर त्यांना बाकावरून उठताना मला आधार द्यावा लागला.